पुसल्याची वही

नंदगडात, बाजाराच्या तोंडाशी
पतपेढीच्या आंधळ्या भिंतीवर एक फळा आहे.
कुणीही लिहावं, असं पंचांनी ठरवलं.
कुणीतरी पुसावं लागेल, हे नंतर लक्षात आलं.
म्हणून मी. बालवाडी दोनला सुटते,
हाताला खडूची सवय आहे,
आणि, लुमाण्णा घाडी म्हणाले तसं,
'तुझं कुणाशीच फार गोड नाही, ते बरं.'

नियम पाच होते. आता दहा आहेत.
प्रत्येकाच्या पायाशी एकेक भांडण पुरलेलं.
कुणाच्या लेकीचं नाव नको.
मेल्याची बातमी घरी विचारल्याशिवाय नको:
भावकाण्णा बिर्जे स्वतःच्या निधनाखाली
'मी चहा पिऊलालोय, या' असं लिहून गेले,
त्यानंतरचा हा.
आपलं लिहिलेलं आपणच राखत बसू नये.
दुसऱ्याचं पुसलं तर कारण सांगावं.
गावाचं नाव आधी कुठल्या लिपीत, यावर लिहूच नये.
हा नियमच तीनदा पुसला गेला,
दोनदा ओल्या फडक्यानं, एकदा डांबरानं.
डांबर निघत नाही.
त्या कोपऱ्यात आता फक्त पाल बसते.

कन्नड मला वाचता येतं, पण हळू.
गोल अक्षरांत शिवीसुद्धा लाडवासारखी दिसते,
म्हणून पुसण्याआधी इरव्वा अक्कांना हाक मारते.
त्या पदर सावरत येतात, वाचतात, हसतात,
'बिडव्वा, इर्ली.'
असू दे गं.
त्यांच्या हातात दिलं असतं
तर फळा केव्हाच भिंत ओलांडून रस्त्यावर आला असता.

नववा नियम सगळ्यात साधा:
ज्याला दुसरा साक्षीदार नाही, ते आठ दिवसांनी जाईल.

निंगाप्पा सुतारांनी तीनदा लिहिलं:
तळ्याच्या वरल्या अंगाला, जांभळाखाली, झर होती.
तिला धोंडव्वाचं पाणी म्हणत होते.
कागद? नाही. नकाशा? त्यात जांभूळही नाही.
साक्षीदार?
'होती की एक. तीच धोंडव्वा.'

तिसऱ्या वेळी मी फडकं पिळत होते
तेव्हा ते दळणाची पिशवी घेऊन मागेच उभे.
रागावले नाहीत.
'वरनं खाली पूस,' म्हणाले,
'पाणी उतारानंच जातंय.'

अकरावा नियम माझा. पंचांना ठाऊक नाही.
जे पुसते ते आधी वहीत उतरवते:
तारीख, अक्षर कसं होतं, कारण.
सातवी वही चालू आहे.
फळ्यावर आज लोंढ्याच्या गाडीची वेळ,
दुधाचा दर, एका हरवलेल्या म्हशीचं शिंग डावीकडे वळलेलं.
वहीत मात्र
सोसायटीच्या गोदामातली एकोणीस पोती,
कुणी कुणासाठी तीन वर्षं थांबलं ते,
एक खोटं, जे लिहून घेतानाही माझा हात विटला,
डांबराच्या रात्रीची तारीख, आणि
कारणाच्या रकान्यात: दिलेलं नाही.
कधी वाटतं गाव त्या वहीत राहतं
आणि फळ्यावर नुसतं दळण टाकायला येतं.
कधी वाटतं, पेटवून द्यावं. अजून दिलं नाही.

निंगाप्पा हुबळीला लेकीकडे गेले.
डोळे गेले, असं कळलं. घरी विचारून खात्री केली.

मागल्या बुधवारी, डांबराच्या अगदी काठावर,
कुणीतरी गोल अक्षरांत लिहिलं.
मी बोट ठेवून वाचलं, पुन्हा वाचलं:
धोंडव्वाच्या पाण्यात मी वेणी धुतली आहे.
थंड होतं.

अक्षर कुणाचं ते ओळखलं नाही,
असं मी सगळ्यांना सांगते.
अक्कांनी यावेळी वाचून दाखवलं नाही,
हसल्याही नाहीत.

दोन साक्षीदार झाले.
पहिला चौथ्या वहीत आहे, पुसलेल्यांत.
पुसलेला माणूस साक्षीला धरतात का,
हे दहांपैकी एकाही नियमात नाही.

आज आठवा दिवस.
बादलीत फडकं केव्हाचं भिजतंय.
लुमाण्णा दोनदा येऊन विचारून गेले,
म्हशीचं पुसलंस का, ती सापडली.